लोहगाव ते ओझर : आभासी उड्डाण आणि लॅपटॉपची निवड

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून नाशिकजवळच्या ओझर विमानतळाकडे नकाशावर रेघ ओढली, तर ती जवळजवळ सरळ उत्तरेला जाते. अंतर सुमारे १७० किलोमीटर. सेस्ना १७२ सारखे चार आसनांचे लहान विमान ते पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळात कापते. वाटेत मंचर जवळजवळ पंखाखालीच येते. डावीकडे दूर डिंभे धरणाचे पाणी दिसते. तालुक्याला ज्याने नाव दिले ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली आहे. मग उजवीकडे नारायणगाव आणि त्यापलीकडे खोडदचा दुर्बिणींचा माळ, डावीकडे जुन्नर आणि शिवनेरी, पुढे हरिश्चंद्रगड, कळसूबाईची रांग आणि सिन्नरचे पठार.

हा प्रवास आज जुन्नर-आंबेगाव परिसरातील एखाद्या व्यापारी घराच्या माडीवर, दुकानाचे शटर खाली गेल्यानंतर, संगणकाच्या पडद्यावर करता येतो. सूर्यास्तापूर्वी चौविहार आटोपलेला असतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भयाने अंधार पडल्यावर मुलांना बाहेर सोडण्यास घरचे कचरतात. अशा लांबलेल्या संध्याकाळी मुलगा किंवा मुलगी विमान उडवण्याच्या खेळात रमली तर नवल नाही. नवल वाटते ते पुढच्या मागणीचे. घरातला जुना लॅपटॉप मंचरच्या वर पोहोचताच अडखळू लागतो, चित्र थांबत-थांबत सरकते, पंखा घोंघावतो आणि मग जेवणाच्या ताटावर विषय निघतो : "पप्पा, नवीन लॅपटॉप हवा." किंमत विचारली की उत्तर येते, दीड लाख, कधी दोन. आजोबांच्या मनात तत्काळ हिशेब सुरू होतो की एवढ्या रकमेत दुकानात किती माल भरता आला असता.

या मागणीला नुसता नकार देणे सोपे आहे आणि नुसता होकार देणे त्याहून सोपे. निवड करणे मात्र कष्टाचे आहे, कारण त्यासाठी यंत्राची जाण हवी आणि स्वतःच्या मर्यादेचीही.

प्रथम हा खेळ आहे तरी काय, ते पाहू. विमानोड्डाणाचे शिक्षण जमिनीवर देण्याची कल्पना एका कौटुंबिक व्यवसायातूनच जन्मली. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचे शुल्क परवडेना, तेव्हा त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ च्या सुमारास डोलणारी, कलणारी एक छोटी पेटी तयार केली. प्रारंभी ती जत्रांमधील करमणूक ठरली. १९३४ मध्ये टपाल वाहताना खराब हवामानात अमेरिकन सैन्याचे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले, त्यानंतर सैन्याने अशा सहा पेट्या विकत घेतल्या आणि तिचे मोल जगाला कळले. संगणकाच्या युगात ब्रूस आर्टविक यांनी हीच कल्पना पडद्यावर आणली. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ चा. आजच्या आवृत्त्या २०२० आणि २०२४ च्या. त्यांत उपग्रहचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केलेली आहे. गावांतील बहुतेक घरे मात्र संगणकाने अंदाजाने रचलेली असतात. आपल्या दुकानाचे छप्पर शोधणाऱ्याला तिथे भलतीच इमारत उभी दिसते.

श्रावकाच्या घरात आणखी एक प्रश्न साहजिकच उठतो. बाजारातील बहुसंख्य संगणक-खेळांत मारणे हाच पराक्रम असतो. आठव्या व्रतात, अनर्थदंडविरमणात, निष्प्रयोजन पापाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत अपध्यान म्हणजे दुसऱ्याच्या घाताचे चिंतन हाही आहे. मनोरंजनासाठी तासन्‌तास तेच चिंतन करणे या व्रताशी कसे जुळावे? नागरी उड्डाणाच्या खेळात शत्रू नाही, शस्त्र नाही, गुण मिळविण्यासाठी कोणाला पाडायचे नाही. वारा, इंधन, उंची आणि धावपट्टी एवढ्यांशीच झुंज. मात्र लढाऊ विमानांचे वेगळे सिम्युलेटर आहेत आणि त्यांत बॉम्बफेक हाच विषय आहे. दुकानदार दोन्ही एकाच नावाने दाखवतो. फरक पालकांनीच ओळखायला हवा. सहाव्या दिग्व्रतात वरच्या दिशेच्या गमनालाही मर्यादा सांगितली आहे. पडद्यावरच्या उड्डाणाने ती ओलांडली जात नाही, हे पाहून घरातील ज्येष्ठ मंडळी हसून मान्यता देतील.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर. मूल जर म्हणत असेल, "मला वैमानिक व्हायचे आहे, म्हणून लॅपटॉप हवा," तर त्या वाक्यातील 'म्हणून' तपासून घ्यावा. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. घरच्या लॅपटॉपवर केलेला एकही तास त्या नोंदवहीत धरला जात नाही. प्रशिक्षणसंस्थांतील सिम्युलेटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेचे असतात, तेव्हाच त्यांवरील काही तास मोजले जातात. महाराष्ट्रात बारामती व गोंदिया येथे उड्डाणशिक्षण चालते आणि संपूर्ण शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात, कित्येकदा त्याहूनही पुढे जातो. त्या मार्गावरचे पहिले पाऊल लॅपटॉप नसून वैद्यकीय तपासणी हे आहे. दृष्टी, रंगज्ञान, श्रवण यांत काही दोष असेल, तर तो काही हजार रुपयांतच कळतो, आणि दहावी-बारावीच्या वळणावर कळलेला बरा.

मग घरच्या सिम्युलेटरचा उपयोग काय? उपयोग आहे. कोणते उपकरण काय दाखवते, उतरताना वेग किती ठेवावा, वाऱ्याच्या तोंडी धावपट्टी का निवडतात, रेडिओवरील भाषा कशी असते, कामाची यादी वाचून एकेक गोष्ट तपासण्याची शिस्त कशी लागते, हे सारे घरी समजू शकते. एक वाईट सवयही जडते : घरी शिकलेला विद्यार्थी बाहेरच्या क्षितिजाऐवजी डोळे उपकरणांवर खिळवून ठेवतो आणि ती सवय खऱ्या विमानात शिक्षकाला मोडावी लागते. शिवाय आसनाला बसणारा धक्का आणि पोटात पडणारा खड्डा पडद्यावर कळत नाही.

ज्या ओझरला ही रेघ पोहोचते, तेथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, १९६४ मध्ये मिग विमानांसाठी स्थापलेला. या कंपनीचे मूळ शोधत गेले की सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्याशी आपण पोहोचतो. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू केली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, ती सरकारने ताब्यात घेतली आणि १९६४ मध्ये तिच्यातूनच आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स घडली. याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वालचंदनगर त्यांच्याच नावाने उभे आहे. तेव्हा 'विमान आपल्या लोकांचे काम नव्हे' असे घरातील कोणी म्हणालेच, तर त्याला उत्तर आहे.

आता यंत्राकडे वळू. उड्डाणाचा खेळ इतर खेळांपेक्षा वेगळ्या ठिकाणी जड पडतो, आणि येथेच पैसे वाया जातात. धावपळीच्या खेळांत सेकंदाला शंभर-दीडशे चित्रे लागतात. त्यासाठी २४० हर्ट्‌झचे पडदे विकले जातात. विमानाला घाई नसते. सेकंदाला तीस-चाळीस चित्रे स्थिर मिळाली तरी उड्डाण सुरेख होते. भार पडतो तो मुख्य प्रोसेसरवर, कारण विमानाची गती, हवामान, भोवतीची इतर विमाने आणि खालचा भूभाग यांचे गणित तो क्षणाक्षणाला करीत असतो, आणि त्यातील मोठा भाग एकाच धाग्यावर चालतो. म्हणून प्रोसेसरमध्ये किती गाभे आहेत यापेक्षा एकेक गाभा किती वेगवान आहे, ते येथे अधिक मोलाचे ठरते. इंटेल किंवा रायझनच्या नावाच्या शेवटी 'एच' किंवा 'एचएक्स' असेल, तर तो भार पेलणारा. 'यू' असेल, तर तो बॅटरी वाचविणारा, कार्यालयीन कामाचा.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखेच वागावे : नावावर न जाता वजन करून घ्यावे. 'आरटीएक्स ४०६०' हे नाव दोन लॅपटॉपांवर सारखेच असले, तरी एका कंपनीने त्याला ३५ वॅट दिलेले असतात, दुसरीने ११५. दोघांच्या कामात मोठी तफावत पडते. टेबलावरच्या संगणकातील त्याच क्रमांकाच्या कार्डाशी तर तुलनाच करू नये. ४०९० च्या डेस्कटॉप कार्डात २४ जीबी स्मृती असते, लॅपटॉपमधील ४०९० मध्ये १६. एकाच शिक्क्याची दोन मापे दुकानात असावीत, तसा हा प्रकार. म्हणून दुकानदाराला थेट विचारावे : "या कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात?" उत्तर टाळले गेले, तर दुसरे दुकान पाहावे. चार्जरचे वजनही बरेच सांगून जाते. चांगल्या खेळाच्या लॅपटॉपचा चार्जर दोनशे वॅटच्या वर आणि विटेएवढा जड असतो.

मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी कंपनीने सांगितलेली मापे अशी : मुख्य स्मृती किमान १६ जीबी, शिफारस ३२, आदर्श ६४, ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती किमान ४, शिफारस ८, आदर्श १२ जीबी. यांतील 'आदर्श' हा शब्द विक्रेत्याच्या फायद्याचा आहे. मधले माप, म्हणजे ३२ जीबी मुख्य स्मृती, ८ जीबीचे कार्ड आणि १ टीबीची एसएसडी डिस्क, विद्यार्थ्याला पुष्कळ झाले. मुख्य स्मृती पुढे वाढविता येते, जर तिच्या खाचा मोकळ्या असतील. काही मॉडेलांत ती पटालाच डाकलेली असते आणि मग जे घेतले ते कायमचे. कार्डाची स्मृती कोणत्याच लॅपटॉपमध्ये वाढत नाही. पैसे कमी पडत असतील, तर १६ जीबी मुख्य स्मृतीवर सुरुवात करून पुढच्या दिवाळीत वाढवावी, पण ८ जीबीच्या कार्डाखाली उतरू नये. ॲपलचे लॅपटॉप कितीही सुबक असले, तरी मायक्रोसॉफ्टचा हा खेळ त्यांवर चालत नाही; एक्स-प्लेन चालतो.

एक्स-प्लेनचे नाव निघाले, ते जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती भूभाग इंटरनेटवरून क्षणोक्षणी मागवीत असते. किमान १० एमबीपीएस आणि शिफारशीनुसार ५० एमबीपीएसची स्थिर जोडणी तिला हवी. मंचर, नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या बाजारपेठेत फायबर पोहोचले असेल, तर अडचण नाही. पण घाटमाथ्याकडच्या गावांत, जेथे मोबाईलच्या एका काडीवर घरदार चालते, तेथे दोन लाखांचा लॅपटॉपही शिवनेरीऐवजी धूसर ढिगारा दाखवील. एक्स-प्लेन १२ जगाचा भूभाग डिस्कवर उतरवून ठेवतो. खेळताना जोडणी क्षीण असली, तरी अडत नाही. चित्रे तितकी मोहक नाहीत, पण विमानाची वागणूक अभ्यासण्यासाठी त्याला मानणारे पुष्कळ आहेत. म्हणून लॅपटॉप ठरविण्याआधी घरातील जोडणीचा वेग संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास, जेव्हा सारे गाव मोबाईलवर असते तेव्हा, मोजून घ्यावा.

वीज हा दुसरा स्थानिक विषय. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून वीज गेली तरी खेळ चालेल अशी समजूत असते. बॅटरीवर जाताच कार्डाची शक्ती एकदम खाली येते आणि विमान पुन्हा अडखळते. तेवढ्या वेळात काम जतन करून बंद करणे एवढाच बॅटरीचा खरा उपयोग. जुन्या वाड्यांत अर्थिंग तपासून घ्यावे, कारण तीन पायांचा प्लग आहे म्हणजे तिसऱ्या छिद्रात तार आहेच असे नाही. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माडीवर खोलीच तापलेली असते. तेथे लॅपटॉप गादीवर ठेवून चालविणे म्हणजे त्याचे नाक दाबणे. मागची बाजू दोन बोटे उचलून धरणारा साधा स्टँड पुरतो. कांदा, धान्य किंवा कापड यांच्या दुकानावरच घर असेल, तर धूळ आणि तंतू पंख्यात बसतात. वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून सफाई करून घ्यावी.

एक सल्ला विक्रेता कधीच देणार नाही. मूल आणखी दोन वर्षे घरीच राहणार असेल, तर लॅपटॉप घेऊच नये. त्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक सामर्थ्याचा मिळतो, थंड राहतो आणि त्याचा एकेक भाग पुढे बदलता येतो. लॅपटॉपचे समर्थन एकाच कारणाने होते : मूल पुण्याच्या वसतिगृहात किंवा बारामतीला शिकायला जाणार आहे आणि अभ्यास, प्रकल्प, उड्डाण हे सारे एकाच यंत्रावर करणार आहे. हे कारण नसेल, तर लॅपटॉपचा हट्ट बहुधा मित्रांना दाखविण्यासाठी असतो.

त्याहूनही आधी, एक पैसा न गुंतवता परीक्षा घेता येते. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर संपूर्ण मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालतो. अर्थात गल्ल्यावरच्या, टॅली आणि बिलांच्या संगणकावर तो चढवू नये. एका संध्याकाळच्या मौजेसाठी वर्षाचे हिशेब धोक्यात घालण्यात अर्थ नाही. घरातल्या जुन्या यंत्रावर मुलाने तीन महिने फ्लाइटगिअर चालवावा. सोबत तीन-चार हजारांची साधी जॉयस्टिक घेऊन द्यावी, कारण कीबोर्डवर विमान उडविणे म्हणजे चिमट्याने लिहिणे. तीन महिन्यांनंतरही मूल लोहगावहून उडून ओझरला नीट उतरण्यासाठी धडपडत असेल, वाऱ्याचा हिशेब वहीत मांडत असेल, तर ओढ खरी आहे. जॉयस्टिक कपाटावर धूळ खात असेल, तर दीड लाख वाचले.

येथवर आल्यावर खर्चाचा आकडा ठरतो, आणि तो बाजाराने ठरवू नये. परिग्रह-परिमाणात वस्तू घरात येण्यापूर्वीच मर्यादा आखलेली असते. दुकानात शिरल्यावर आखलेली मर्यादा टिकत नाही. एक लाख वीस हजार ठरले असेल, तर विक्रेत्याच्या "फक्त पंधरा हजार अधिक" या वाक्यापुढे ते तसेच राहावे. जुना लॅपटॉप कोणाला द्यायचा हेही त्याच दिवशी ठरवावे. नवा आला आणि जुना कपाटात गेला, तर परिग्रह दुप्पट झाला.

शेवटी बिल. व्यापारी कुटुंबात हा मोह फार सहज होतो. १,१८,००० रुपयांच्या लॅपटॉपमध्ये १८ टक्क्यांप्रमाणे १८,००० रुपये जीएसटी असतो. बिल पेढीच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घेतले की ही रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून वजा होते आणि वर ४० टक्के घसाराही लागतो. मुनीमजी सहज सुचवतात, "शेठ, दुकानाच्या खात्यात टाकू." परंतु सीजीएसटी कायद्याच्या १७ व्या कलमानुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर हे क्रेडिट मिळत नाही, वस्तू अंशतः धंद्यासाठी वापरली जात असेल, तर तेवढ्याच भागाचे मिळते. मुलाच्या खोलीतील विमान हे दुकानाचे विमान नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'विरुद्धराज्यातिक्रम' हा एक, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून मिळविलेला लाभ, आणि कमी-जास्त मापे ठेवणे हा दुसरा. जे मूल या लॅपटॉपवर बसणार आहे, ते बिल कोणाच्या नावाने फाडले हेही पाहत असते.

बिल मुलाच्या किंवा वडिलांच्या व्यक्तिगत नावे घ्यावे. पैसे देण्यापूर्वी आपल्या गावाचा पिनकोड सांगून विचारावे की दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो, की यंत्र पुण्याला न्यावे लागते. वॉरंटीच्या कागदावर 'घरपोच सेवा' असे छापलेले असले, तरी तिला गावांची मर्यादा असू शकते. आणि दुकानातच, चार्जर लावून, निदान अर्धा तास कोणताही जड खेळ चालवून पाहू द्यावा असा आग्रह धरावा. पहिली पाच मिनिटे प्रत्येक लॅपटॉप वेगवान असतो. पंचवीस मिनिटांनी पंख्याचा आवाज कसा आहे, कीबोर्डवर बोट टिकते की नाही आणि चित्र अडखळू लागते का, हे मात्र दुकानातच कळते.